शेवंताबाईंचा गाल

बोकडाच्या कातडीवर मी सर्जरी शिकणाऱ्या मुलांना फ्लॅप शिकवत होते. जखमेशेजारची कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून अलगद वळवायची, जखमेवर बसवायची. जोडलेल्या बाजूने रक्त मिळतं, म्हणून ती जगते.

एकाचे टाके फार सुबक आले. तो उत्साहाने म्हणाला, "मॅडम, उद्या शेवंताबाईंच्या गालावरची गाठ काढल्यावर फ्लॅप मी करू? भाजी विकतात त्या. व्रण राहिला तरी त्यांना काय फरक पडतो?"

माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये आदळला. भाजी विकणारीला चेहरा नसतो? सकाळीच त्या मला विचारत होत्या, "पोरीच्या लग्नात फोटोला उभी राहीन ना मी?" पण त्याला तरी काय बोलणार? गरीब पेशंट म्हणजे हात बसवायची जागा, हे त्याने आम्हा शिकवणाऱ्यांकडेच पाहिलं होतं. संताप स्वतःचाही आला.

मी त्याला थेट वॉर्डात नेलं. "त्यांनाच विचार."

तो चाचरत म्हणाला, "मावशी, टाके मी घालू का?"

शेवंताबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "नको रे बाबा. डॉक्टरीणबाई घालतील. तू बघून शीक."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. पेशंट नाही म्हणू शकतो, हे इतक्या वर्षांत आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.