वस्तू वापरली की बिघडते!

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दुरुस्त्या पुढे ढकलत राहिलं की ते आपोआप साठतात!

ऐंशीच्या दशकात मी निजामपुऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये कंपाउंडर होतो. "वस्तू वापरली की बिघडते," हे आमच्या डॉक्टरांचं लाडकं मत. पेशंटचं काय होईल ही काळजी एकट्या सावंतसिस्टरांना.

आग विझवायचं नळकांडं चोरीला जाईल म्हणून कपाटात कुलूपबंद. "आणि आग लागली तर?" सिस्टरांनी विचारलं.

"मला घरी फोन करा. चावी घेऊन येतो!"

फोनच्या डायललाही कुलूप होतं. त्याची चावीही डॉक्टरांच्याच खिशात.

*

एका खाटेची डोक्याची बाजू उचलेना. डॉक्टरांनी कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणाऱ्या युनूसभाईंना बोलावलं, स्वस्तात! त्यानंतर हँडल फिरवलं की डोकं आणि पाय एकदमच वर. पेशंट मध्ये घडी होऊन ओरडतोय.

युनूसभाई शांतपणे म्हणाले, "साब, लूम में तो दोनों साइड साथ ही चलते हैं!"

*

तीन नंबरच्या खोलीतलं बटण शॉक द्यायचं. डॉक्टरांनी तत्परतेनं पाटी लावली, 'बटणास हात लावू नये.' खोली अंधारी. वडपे गावचे एक काका झटका खाऊन बाहेर आले.

"पाटी वाचली नाही?" डॉक्टर कडाडले.

"वाचाया दिवा नको? त्याचंच बटन हाय ना ह्ये!"

*

खंडेनवमीला डॉक्टर स्वतः सगळ्या मशीनची पूजा करायचे. हार, हळदकुंकू, मूठमूठ अक्षता. एका वर्षी पूजा आटोपते तोच पडघ्याची एक बाई बाळंतपणाला आली. बाळ झालं, पण रडेना. घशात चिकटा अडकलेला, अंग निळं पडत चाललेलं.

सिस्टरांनी चिकटा ओढून काढायची सक्शन मशीन सुरू केली. नुसती घरघर! नळीत अक्षता गच्च बसल्या होत्या.

सिस्टरांनी साधी रबरी नळी घेतली, एक टोक बाळाच्या तोंडात, दुसरं स्वतःच्या. ओढलं, थुंकल्या, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा बाळानं असा टाहो फोडला की मी भिंतीला टेकून रडलो.

बाळाची आजी धावत आत आली आणि थेट हारवाल्या मशीनपुढे लोटांगण! "मशीनमाय, पावलीस गो!"

डॉक्टरांनीही भक्तिभावानं हात जोडले.

सिस्टर चूळ भरत होत्या. तोंड पुसून म्हणाल्या, "डॉक्टर, पुढल्या वर्षी पूजा माझी करा. मशीनची नुसती दुरुस्ती करा!"