पाणीवाले साहेब

आमचे साहेब कुणाला 'बरे आहात का' असं विचारत नसत. समोर सरपंच असो, बांधावरची म्हातारी असो, नाहीतर जेवायला बसलेला डॉक्टर; पहिला प्रश्न ठरलेला. "परवापासून पाणी कुठलं पेलात?" दिवस दुष्काळाचे. पाण्याची चौकशी करणारा सरकारी माणूस दिसला की टँकर आला असं वाटून बाया घागरी घेऊन धावत. त्यावरून लोकांनी त्यांना पाणीवाले साहेब करून टाकलं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून फायली अजून येत होत्या. साहेब मूळचे लोह्याकडचे, आरोग्य पर्यवेक्षक. कुठे साथ लागली की तिचा माग काढायचं काम त्यांचं. मी नवी नर्स, त्यांच्या हाताखाली.

त्यांच्या खिशात तुरीचे दाणे असत. गावात गेलं की शाळेच्या फरशीवर खडूनं गाव काढायचं आणि ज्या घरात जुलाब-उलट्या, त्या घरावर माणशी एक दाणा ठेवायचा. दाण्यांचा ढीग कुठल्या विहिरीभोवती पडतो, ते डोळ्यांना दिसायचं. मी फक्त आजाऱ्यांनाच विचारत सुटले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "आजारी माणूस निम्मीच गोष्ट सांगतो, सिस्टर. बाकीची निम्मी जो आजारी पडला न्हाई तो सांगतो. त्यानं काय पेलं न्हाई, ते इचारा."

एका गावात पाटलांच्या ओसरीवर सगळ्यांना पितळी पेल्यांतून पाणी आलं. साहेबांचं आडनाव कळल्यावर त्यांच्यापुढे तेवढा वेगळा, कान तुटलेला कप आला. मला मान वर करवेना. साहेबांनी कप उचलला, आत निरखून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पाटील, हे पाणी कुठल्या विहिरीचं?"

निलंग्याच्या बाजूला एका गावात पटकी आली. दुपारपर्यंत फरशीवरचे दाणे खालच्या विहिरीभोवती गोळा झाले. विहिरीत तळाला गढूळ पाणी उरलेलं. पावडर टाकून भागण्यासारखं नव्हतं. साहेबांनी टँकर मागवून वेशीत उभा केला. "आधी घरोघर सांगून या. मग विहीर बंद करू," ते म्हणाले. ओढ्यापलीकडची घरं माझ्याकडे होती.

ऊन भाजत होतं. ओढा कोरडा, पण वाळू पायाला चटके देत होती. पलीकडे शेवटचं एक घर होतं. मी अलीकडूनच पाहिलं. दार लागलेलं दिसलं. सगळे रोजगार हमीवर खडी फोडायला गेले असणार, असं मनाशी म्हणत मी यादीत लिहिलं : 'घर बंद.' संध्याकाळी विहिरीवर बाभळीच्या फांद्या पडल्या.

त्या घरात नऊ वर्षांची मुलगी होती. विहिरीवर काटे दिसले म्हणून ती ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर पाण्याला गेली. आजाऱ्यांची धुणी तिथेच धुतली जात होती. तिला आमच्याकडे आणलं तेव्हा सलाईनला शीर सापडेना.

चौथ्या दिवशी साहेब त्या घरी गेले. मी मागे उभी. त्यांनी आईपुढे हात जोडले. "बाई, विहीर मी बंद केली. तुमचं घर बंद समजून सांगायला कुणी आलं न्हाई. चूक माजी हाय."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "दार निस्तं लोटलेलं व्हतं, सायेब. पोरगी आतच व्हती. एक हाक मारली असती तर बाहेर आली असती की."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'सर्व घरांना कळल्याची खात्री न करता विहीर बंद केली. जबाबदारी माझी.' वरचे अधिकारी म्हणाले, "हे वाक्य काढा. मुलगी साथीत गेली, एवढं पुरे."

"न्हाई सायेब. साथीला तिचं घर सापडलंच नव्हतं. ती आपल्या इलाजानं गेली."

वाक्य राहिलं. महिन्याभरात साहेबांची बदली झाली, थेट देगलूरकडे. एस.टी. स्टँडवर मी धीर करून म्हणाले, "साहेब, त्या घरापर्यंत मी..."

"यादीवरचं अक्षर मला वळखू येतं, सिस्टर," ते म्हणाले. "पन यादी तपासायचं काम माजं व्हतं." आणि ट्रंक उचलून ते गाडीत चढले.

पुढे काही वर्षांनी ते नांदेडच्या दवाखान्यात वारल्याचं कळलं, तेही उशिरा. मी लोह्याला त्यांच्या घरी गेले. साहेबांच्या बायकोनं, काकूंनी, माझं नाव विचारलं आणि एकदम माझा हात धरला.

"तुमीच का त्या! लई नाव घ्यायचे बाई तुमचं. म्हणायचे, लातूरला माज्याकडं एक सिस्टर होती, एक घर म्हणून सोडत न्हाई."

ते खरं होतं. त्या गावानंतर मी एकही घर सोडलं नव्हतं.