विठ्ठलवाडीचं भरलेलं घर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईतल्या एका इस्पितळात, कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात समाजसेविका होते. औषधं डॉक्टर देत. ती पुरी होईपर्यंत मुलाला आणणारं-नेणारं घरात कुणी आहे का, हे मी बघायचं. त्यासाठी एक चारपानी फॉर्म होता. घरी माणसं किती, आईला झोप लागते का, बाकीची मुलं कुणाकडे राहतात. उत्तरांवरून फायलीला हिरवी, पिवळी नाहीतर तांबडी पट्टी लागायची. तांबडीवाल्यांना इस्पितळाजवळ खोली मिळे, सोबतीला बाई मिळे. खोल्या मोजक्याच, म्हणून पट्टी फार काटेकोरपणे लावावी लागे. मला माझ्या काटेकोरपणाचा भारी अभिमान होता.

माझं घर ठाण्याला, टेंभी नाक्यापाशी. त्यामुळे कल्याणकडच्या गृहभेटी माझ्याच गळ्यात पडत. विठ्ठलवाडीला सहा वर्षांची एक मुलगी होती. रक्ताचा कॅन्सर, उपचार नुकते सुरू झालेले. खंड पडला नाही तर पोर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

न कळवता कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी आठवडाभर आधी कार्ड टाकलं. गेले, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मुलीची आई, तिच्या सासूबाई, दीर, दोन नणंदा, चुलतसासरे. नवरा म्हणे कामावर गेलेला. मुलगी चुलतसासऱ्यांच्या मांडीवर बसली होती.

"आम्ही आहोत ना सगळे, तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम," दीर म्हणाला.

सासूबाई चहा टाकायला उठल्या आणि त्यांनी सुनेला विचारलं, "साखर कुठं ठेवतेस गं?" मी ते ऐकलं, चहा प्यायले आणि हिरवी पट्टी लावली. एवढ्या शिकलेल्या बाईची अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती, कोण जाणे.

दोन महिन्यांनी मुलगी लागोपाठ दोन वेळा औषधाला आली नाही. या खेपेला मी न कळवताच गेले. आई तापाने फणफणलेली, मुलगी तिच्या पायाशी बसलेली, बाकी कुणीच नाही.

"घरचे कुठं गेले?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"घरचे कोण नाय, मॅडम. ते शेजारचे होते. नवरा कधीच सोडून गेलेला."

मला राग आला. आधी तिचा, मग माझा. "मग खोटं कशाला सांगितलंस?"

"शाळेत बाप नाय बोलले तर हिला घेत नव्हते. तुमचं कार्ड आलं, घर बघायला येते म्हणून. वाटलं, कोण नाय दिसलं तर इस्पितळातून पण नाव काढाल."

मी दोघींना त्याच दिवशी वॉर्डात आणलं. तपासणीत आजार उलटलेला निघाला. त्या दोन खेपा चुकल्यामुळेच असं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी आई नवा फॉर्म भरायला माझ्या टेबलासमोर बसली. आजार उलटल्याचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं, ते काम माझ्यावर आलं होतं. "आता सगळं खरं सांगते मॅडम," ती म्हणाली. "मग होईल ना ती बरी?"

मी पहिला प्रश्न विचारला. मग दुसरा. फॉर्म संपू नये म्हणून मी त्यात नसलेलेही प्रश्न विचारत राहिले, आणि ती प्रत्येकाचं खरं उत्तर देत राहिली.