गाईच्या नावाचा ब्रेड

आमच्या अकोल्यातल्या बेकरीत शिळा ब्रेड अर्ध्या भावात मिळतो, पण तो मागायची एक रीत आहे. ‘शिळा द्या’ असं कोणी म्हणत नाही. ‘गाईसाठी द्या’ म्हणायचं. बेकरीवाले काका पुढं काही विचारत नाहीत. मागच्या टोपल्यातून काढतात, जुन्या पेपरात गुंडाळतात, आणि आपण खाली मान घालून निघायचं. मी सात वर्षं हेच केलं. दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत, माझी गाय!

माझं माहेर अमरावतीचं. तिथं कोणी तापानं फणफणलं तरच घरात ब्रेड यायचा, दुधात बुडवून खायला. माझ्या मुलीला मात्र शाळेच्या डब्यात रोज सँडविच लागायचं. मी कॉलेजात शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं आज आणि पैसे मिळायचे कॉलेजच्या मनात येईल तेव्हा. मग शिळा ब्रेड आणायचा, तव्यावर तूप सोडून खरपूस भाजायचा, मधे काकडी-टमाटे भरायचे. पोरगी बोटं चाटत खायची. यात चोरी नव्हती, भीक नव्हती. तरीही मला ते चारचौघांत बोलायची हिंमत नव्हती, हे कबूल करते.

गेल्या पावसाळ्यात पोरीला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. दहावीच्या घटक चाचणीचे तीन पेपर बुडाले. घरी येऊन मी उरलेला ब्रेड नीट उजेडात धरला. वरून चांगला दिसत होता, पण मोडला तर आतून हिरवी बुरशी. माझं डोकंच फिरलं. तो ब्रेड तसाच पिशवीत टाकला आणि बेकरी गाठली.

रविवार होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी ब्रेड काउंटरवर आपटला.

“काका, असा ब्रेड कावून देल्ला? माही पोरगी दवाखान्यात पडून होती!”

काका त्या ब्रेडकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.

“मॅडम, तुमी त गाईसाठी नेता नं? जनावराचा ब्रेड चार-पाच दिवसांचा असते. मले काय माईत, घरात खाऊन राहिले म्हून?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कालचा पायजे होता तं सांगाचं होतं. तो वेगळा ठेवतो, टोस्ट कराले. त्याच भावात देल्ला असता.”

त्याच भावात. चांगला, एकाच दिवसाचा ब्रेड सात वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि मी जनावराचा उचलून पोरीला चारत होते. का, तर रांगेतल्या लोकांना कळू नये म्हणून. भांडायला आले होते, पण भांडणार कोणाशी? मला माझाच राग आला.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. वळून पाहिलं तर आमच्याच गल्लीतल्या एक बाई, तोंडाला पदर लावून. त्या हसल्या ते बरंच झालं. नाहीतर मी रडत घरी गेले असते.

“आजपासून माणसासाठी पायजे, काका,” मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हटलं. “मी खातो, माही पोरगी खाते. घरात गाय नाई अन् कधी नोयती. कालचा द्या.”

त्यांनी दिला. माझ्यामागं इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ होते. ते पुटपुटले, “कुत्र्यासाठी एक.” मी त्यांना सांगितलं, “दादा, कालचा मागा. भाव तोच आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या टोपल्यातला ब्रेड घेतला आणि भराभर निघून गेले. त्यांच्या घरी तो कोण खाणार होतं, याचा विचार मला आजही सोडत नाही.

घरी येऊन पोरीला सगळं सांगितलं, गाईसकट. वाटलं होतं, हसेल. ती उशीला टेकून बसली होती, अजून चेहऱ्यावर रंग नव्हता.

“लाज तुले वाटत होती, आई,” ती म्हणाली, “अन् पोट माहं बिघडलं.”

मी तिच्याजवळ बसून राहिले.

पगार अजूनही वेळेवर होत नाही आणि ब्रेड मी अजूनही अर्ध्या भावातच आणते. फक्त आता मुद्दाम गर्दीच्या वेळेला जाते आणि पायरीवरूनच ओरडते, “काका, कालचा ब्रेड द्या, आमाले खायाले!” ज्याला वळून पाहायचं असेल, त्यानं खुशाल पाहावं.