जबड्यातली पोरं

कल्पना करा, बोटाएवढे दोन कार्डिनल मासे तुमच्यासमोर पोहताहेत. चंदेरी अंग, काळे पट्टे, लांब झुलते पर. यातला नर कोणता, मादी कोणती? खुशाल तासभर बघा, तसूभर फरक सापडणार नाही. आता त्यांची जोडी लावा.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं ती लावली. प्रत्येक बोल्ट दोनदा बघतो म्हणून कामावर सगळे त्याला तपासनीस म्हणत. आधी दुकानदारानं त्याच्या हातात दोन मासे ठेवले होते. "जोडी आहे, डोळे झाकून न्या!" दोघंही नर निघाले. आठवड्याभरात एकानं दुसऱ्याच्या परांच्या चिंध्या केल्या.

"न्या म्हणे डोळे झाकून! विकलेही डोळे झाकूनच!" तपासनीस महिनाभर धुमसत होता.

मग त्यानं सहा पिल्लं आणली आणि घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकत्र वाढवली. मोठी झाल्यावर त्यांतल्या दोघांनी आपणहून एक कोपरा धरला आणि बाकीच्यांना हाकलायला सुरुवात केली. जोडी जमली! उरलेले चार त्यानं दुकानात नेऊन दिले.

या माशांत अंडी बाप सांभाळतो, तीही तोंडात. जवळजवळ तीन आठवडे अन्नाला शिवत नाही.

"बाप असावा तर असा," तपासनीसाची आई सुनेला म्हणाली. "तोंड भरलेलं, त्यामुळे कटकट नाही."

पण पहिल्या खेपेला सहाव्या दिवशी नराचा जबडा सपाट दिसला. दुसऱ्या खेपेला आठव्या. अंडी गिळली होती.

"बापच खातो हो पोरं, स्वभाव आहे त्यांचा," दुकानदार हसला. तपासनीसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस उपाशी राहिलेल्याला हा खादाड ठरवतो!

तिसऱ्या खेपेला पाचव्याच दिवशी तेच. त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"आई, काचेवर टकटक केलीस?"

"मी कशाला करू? माझं काय काम अडलंय त्याच्याकडे?"

"मग कोणीतरी घाबरवलंच त्याला! घाबरल्याशिवाय नर अंडी गिळत नाही!"

बायकोनं भाजी चिरता चिरता मान वर केली. "कामावरून आल्यावर बूटही न काढता रोज त्याच्या तोंडावर बॅटरी कोण मारतं?"

"मी फक्त तपासत होतो! अंडी आहेत की नाहीत, एवढंच."

"लिफ्टमध्ये माणसं असताना मधेच दार उघडून मोजता का?"

अठरा वर्षांत न तपासता त्यानं एकही लिफ्ट चालू केली नव्हती. ज्या सवयीचा अभिमान बाळगला, तीच पोरांच्या जिवावर उठली होती!

चौथ्या खेपेला जबडा फुगल्याबरोबर बायकोनं टाकीच्या चारही बाजूंना जाड कागद लावला आणि बॅटरी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. सकाळी झाकण उचलून मादीला खायला तीच घालते.

आज अठरावा दिवस.

"घर माझं, मासे माझे, आणि मी कागद बघत बसायचं?"

"बसा."

"तू मात्र रोज बघतेस!"

"बघते. पण सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही खात्री करायला जाल."

बुटांसकट तो कागदासमोर खुर्ची ओढून बसला. पाच मिनिटं कशीबशी गेली.

"निदान एवढं तरी सांग, जबडा अजून फुगलेला आहे का गं?"