फळीवरचे डबे आणि मेतकूट-भात

माझी बायको सुमन हिच्या अंडाशयाच्या कर्करोगावर केमो सुरू झाल्यापासून प्रत्येक पाहुणा शक्तिवर्धक पावडरीचा डबा घेऊन येतो. सत्काराला बसलेल्या पुढाऱ्यांसारखे हे डबे फळीवर ओळीने विराजमान आहेत. सुमनचं वजन मात्र घटतच होतं.

म्हणून घरी बोलावलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी डब्यांवरची सगळी लेबलं वाचली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नका," म्हणाल्या आणि सुमनकडे वळल्या. "तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

"मेतकूट-भात."

"मग तोच खा. जोडीला उकडलेलं अंडं."

आग्रह आम्ही सगळ्यांनी केला होता. विचारलं कुणीच नव्हतं.

आज भात मी केला. तोंडाची चव गेल्यापासून मुकाट जेवणारी सुमन पहिल्याच घासाला म्हणाली, "अहो, मीठ विसरलात."

तिनं माझी चूक काढली आणि मला हायसं वाटलं, असं संसारात प्रथमच घडलं.