कच्चा टाका

"कुटल्या दिवसाचं?"

कापड कुणीही आणो, मास्तर आधी हेच विचारायचे. माप नंतर. गिऱ्हाईक नवं असलं की गांगरायचं. शर्टाला कसला आलाय दिवस?

साखर पेठेत त्यांच्या शिलाईच्या दुकानाला लागून माझं दोरे-बटणांचं दुकान होतं. मधली भिंत नुसत्या फळ्यांची, त्यामुळे तिकडचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. न ऐकायचा प्रयत्न मी कधी केला नाही, हेही सांगून टाकतो.

मास्तर विणकराच्या घरातले. घरात तेलुगू, दुकानात सोलापुरी मराठी. भिंतीवर मार्कंडेयाची तसबीर आणि तिच्याखाली चार खिळ्यांवर चार रिळं: पांढरं, लाल, हिरवं, जांभळं. पोटापाण्यासाठी ते शर्ट-पँटी शिवत, पण जीव अडकला होता तो फादरांच्या झग्यांत.

त्याचं असं झालं. आमच्या भागातल्या चर्चचे फादर वसईकडचे. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, करताना अंगावर घालायचा बिनबाह्यांचा घोळदार झगा उंदरांनी कुरतडला, म्हणून ते रफू करायला आले. मास्तरांनी तो असा सांधला की उंदरालाही आपली जागा सापडली नसती. तेव्हापासून नवे झगेही इथेच शिवून होऊ लागले. रंगांचा हिशेब फादरांनीच त्यांना समजावला. पांढरा नाताळचा, येशू मरणातून उठला त्या इस्टरचा, आनंदाचा. लाल हुतात्म्यांच्या रक्ताचा. जांभळा उपासाचा आणि पश्चात्तापाचा. हिरवा उरलेल्या साध्या रविवारांचा. मास्तरांनी हे पाठ केलं आणि साऱ्या पेठेला लागू करून टाकलं.

एकदा कॉलेजातला एक पोरगा लालभडक कापड घेऊन आला. कॉलर हातभर लांब हवी होती त्याला.

"लाल?" मास्तरांनी कापडाकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "ह्यो हुतात्म्याचा रंग हाय. तुमी कशापायी जीव देनार हाय?"

पोरगा म्हणाला, "गॅदरिंगला घालायचाय."

"मग बरोबर हाय की," म्हणत मास्तरांनी टेप काढली.

दुसऱ्यांदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. एक बाई सुनेच्या डोहाळजेवणासाठी हिरवा खण घेऊन आल्या, आणि मास्तर सहज बोलून गेले, "हिरवा म्हंजे साधा दिवस की वो." त्या बाईंनी पुढची पंधरा मिनिटं हिरव्या रंगाविषयी जे ऐकवलं, ते कुठल्याच फादरांनी ऐकवलं नसतं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चुकलं, आक्का. आमच्यात पन हिरवा लई मोठा हाय. तितलं हितं आनलं मी."

काम पुरं झालं की ते कपड्यावर एक चिठ्ठी टाचत. नाव, रंग, दिवस. पोस्टमनच्या गणवेशावर "पोस्टमन. खाकी. रोज." असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि त्यांचा एक नियम होता: कपड्यात कच्चा टाका असेपर्यंत तो दुकानाबाहेर जाणार नाही. कच्चा टाका म्हणजे पक्की शिलाई घालण्याआधी घातलेला लांब लांब दोरा. कापड कुठलंही असो, त्यांचा हा दोरा लालच. "कच्चा टाका हाय म्हंजी काम चालू हाय," असं ते घाईच्या गिऱ्हाइकाला सांगत.

मग फादरांना हृदयाचा झटका आला. महिनाभराने हॉस्पिटलातून सुटले आणि घरी जायच्या आधी काठी टेकत दुकानात आले. बरोबर हातमागाचं पांढरं कापड होतं.

"कुटल्या दिवसाचं?"

"पांढरा आमच्यात इस्टरचा, तसाच आता मयताचाही असतो, मास्तर," फादर म्हणाले. "हा माझ्या मयताचा. मला मातीत ठेवतील तेव्हा अंगावर तुमच्या हातचा असावा."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "टेप घावंना झालीय. पुढल्या आठवड्यात या." मी फटीतून पाहिलं. टेप त्यांच्या गळ्यातच होती.

ज्या माणसाने दिवाळीच्या गर्दीतही कुणाला हेलपाटा घालायला लावला नाही, तो त्या झग्यासाठी चार वर्षं सबबी सांगत राहिला. मशीनचा पट्टा तुटला. कापड आक्रसलं. मुलीचं लग्न आलं. सबबी संपल्या तेव्हा त्यात मला ओढलं.

"जरीच न्हाय आली, फादर. इचारा की शेटजीला."

फादर माझ्या दारात आले. माझ्या मागच्या फळीवर जरीची रिळं डोळे दिपतील अशी मांडलेली होती. फादरांनी ती पाहिली, मग मला पाहिलं. मी म्हणालो, "येईल, पुढच्या आठवड्यात." फादर गंभीरपणे मान हलवून गेले. मला वाटतं, कोपऱ्यावर वळल्यावर हसले असतील.

त्या दिवशी मी मास्तरांना धरलं. म्हातारा माणूस, आजारी, का उगाच खेपा घालायला लावता?

त्यांनी तसबिरीकडे बोट केलं. "आमच्या मार्कंडेयाला न्यायला आलेला यम रिकाम्या हातानं परत गेला, शेटजी. मला एक झगा लांबवाया येत न्हाय व्हय? कापडं तयार न्हाईत तवर मानूस गावाला जातो का?"

मी माझ्या फळीकडे गेलो. जरीचं एक रीळ काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

पाचव्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, मास्तरच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. यम फादरांच्या दारावर नजर ठेवून बसलाय असं आम्ही धरून चाललो होतो, आणि तो शिंप्याच्या दारातून शिरला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

फादर काठी टेकत आले. मास्तरांच्या बायकोने कपाटातून एक गाठोडं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आत झगा होता. इस्त्री केलेला, गळ्याला जरीची बारीक वेल. सगळं पक्कं शिवलेलं, फक्त खालच्या घेराला लाल कच्चा टाका तसाच. वर चिठ्ठी टाचलेली: "फादर. पांढरा. इस्टर."

फादरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले.

त्या इस्टरला मी जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. फादर तो झगा घालून आले. त्यांनी हात वर केले की झगा उचलला जाई आणि घेराचा लाल दोरा साऱ्यांना दिसे. पुढच्या बाया एकमेकींना खुणावत होत्या. शेजारी मास्तर असते तर शरमेने बाकाखाली शिरले असते, असं वाटून मला हसू आवरेना.

बाहेर आल्यावर मी खिशातली छोटी कात्री काढली. माझ्या धंद्यात ती खिशात असतेच. "फादर, कच्चा दोरा राहिलाय. काढून देऊ?"

फादरांनी घेर मुठीत धरून मागे ओढला.

"हात लावू नका, शेटजी," ते म्हणाले. "मास्तरांचं काम अजून चालू आहे."